दुसऱ्या पेल्यात काय होतं

अक्का,

ही गोष्ट तुला सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. विसरलो म्हणून नाही. तुझ्याकडे यायला निघालो की आज सांगायचंच असं ठरवून मी चपला घालायचो. मॅजेस्टिकला मेट्रो बदलली की मनात वाक्य जुळवायला लागायचो, के. आर. पुरमला उतरेपर्यंत ते पाठ झालेलं असायचं, आणि मारतहळ्ळीच्या बसमध्ये दांड्याला लोंबकळताना त्याचे तुकडे तुकडे व्हायचे. दार उघडून तू म्हणायचीस, "आलास का तम्मा? आज पण कुणी बसायला जागा दिली नाही वाटतं. केस काळे करायचं सोड आधी!" मी हसायचो. तू हसायचीस. आणि त्या हसण्यात ते राहून जायचं. सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्याला तम्मा म्हणणारं, धाकटा भाऊ समजून डाफरणारं, आता कुणी उरलेलं नाही.

तुझ्या तेराव्याला तुझ्या घरी पुष्कळ माणसं जमली होती. तुला आवडलं असतं. पुरणाचे बोबट्टू मऊ झाले होते, आणि तुझ्या मजल्यावरच्या त्या आंध्राच्या बाई रडता रडता दोनदा कृती विचारून गेल्या. पण कुणीतरी म्हणालं, "बिचाऱ्या अक्का. शेवटची वर्षं खुर्चीतच गेली. गुडघ्यांचं ऑपरेशन करायला घाबरायच्या ना." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली असती, इतकी मला मान हलवायची सवय झाली आहे. पण या वेळी नाही हलवली. मी ताट तसंच ठेवून उठलो.

तू आणि घाबरट! टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तू ऑपरेटर होतीस तेव्हाची गोष्ट आपल्या घरात अजून सांगतात. ट्रंक कॉल लागायला उशीर झाला म्हणून कुणा बड्या साहेबानं लाइनवर तुला शिवी दिली. तू त्याला आधी कानडीत, मग मराठीत, मग तमिळमध्ये, आवाज जराही न चढवता उत्तर दिलंस, आणि वर "थ्री मिनिट्स ओव्हर, सर" म्हणून लाइन तोडलीस. दुसऱ्या दिवशी तो साहेब स्वतः एक्स्चेंजवर आला. सगळ्या बायकांना वाटलं, आता हिची नोकरी गेली. त्यानं विचारलं, "काल तमिळमध्ये मला नक्की काय म्हणालात? घरी कुणाला विचारायची सोय नाही." तू त्याला अर्थ सांगितलास. पूर्ण सांगितलास.

अशी बाई भुलेच्या एका सुईला घाबरली, असं लोक म्हणतात. त्यांचं काही चुकलं नाही. त्यांना जे सांगितलं गेलं त्यावरून ते बोलतात. तुलाही तेच सांगितलं गेलं होतं.

त्या होळीबद्दल बोलतोय मी.

भाऊजी तुला मागे ठेवून गेले त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. आपल्याकडची होळी तुला माहीत आहे. चामराजपेटेतल्या माझ्या घरी पुढच्या खोलीत पुरुषांची थंडाई चालायची, भाऊजी सगळ्यात मोठ्यानं हसायचे, आणि तुम्ही सगळ्या आत भजी तळायच्या. त्या वर्षी जमायला कुणी उरलंच नव्हतं. तू सकाळीच मारतहळ्ळीहून आलीस, पदर खोचलास आणि म्हणालीस, "तम्मा, जन्मभर तुमच्या हसण्याला मी भजी तळली. एकदा तरी मला कळू दे, तुम्ही एवढं हसायचा कशाला."

"अक्का, तुला बीपी आहे."

"तुला नाही?"

"मलाही आहे."

"मग? बीपी काय बायकांचंच वाढतं?"

तू अविचारानं काही केलं नाहीस, हे मला आज सगळ्यांना ओरडून सांगायचं आहे. सुरक्षित कसं करायचं याचा तू माझ्यापेक्षा जास्त विचार केला होतास. उपाशीपोटी नको, म्हणून आधी जेवलीस. दिवसाउजेडी हवं, म्हणून दुपार निवडलीस. सोबत घरचं माणूस हवं, म्हणून मी. आणि घ्यायची ती स्वल्पच. "स्वल्प म्हणजे स्वल्प हां," असं तू बोटाच्या पेरावर अंगठा ठेवून दाखवलंस. मी ओळखीच्या माणसाकडून भांगेचा एक गोळा आणला होता. चार धडधाकट माणसांना पुरेल, असं तो म्हणाला होता. त्यातला नखाएवढा तुकडा मी तुझ्या देखत तुझ्या पेल्यात कालवला.

मग तो दुसऱ्या पेल्याचा प्रश्न आला. आपल्या घरात एक कधी वाढत नाहीत. एकच पोळी, एकच लाडू, एकच पेला वाढणं म्हणजे पाहुण्याला ऊठ म्हणणं, असं आई मानायची, आणि तू आईपेक्षा कडक. शेवटी तूच तोड काढलीस. "पहिला पेला भांगेचा, दुसरा नुसत्या दुधाचा. रीतही राहील आणि डोकंही राहील." ठरलं.

पहिला पेला पिऊन तू पाय वर घेऊन बसलीस. आपण वाट बघत राहिलो. काही होईना. तू पंख्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस, आणि म्हणालीस, "ही तुझी भांग? अय्यो, पालकाच्या भाजीनं याच्यापेक्षा जास्त चढतं. तुझे भाऊजी आणि तुम्ही सगळे नाटकंच करायचा म्हणायची!"

अक्का, मला ते लागलं. हसू नकोस. मी आणलेल्या वस्तूला तू नावं ठेवलीस, आणि त्याहून जास्त म्हणजे तू हसत नव्हतीस. भाऊजी गेल्यापासून तू पहिल्यासारखी हसलीच नव्हतीस, आणि ते बघायची मला घाई झाली होती. मी दुसरा पेला भरायला स्वयंपाकघरात गेलो. नुसतं दूध ओतलं. बदाम घातले. आणि ओट्यावर राहिलेला तो सगळा गोळा त्यात कुस्करला.

भांग पोटातून हळू चढते, पहिल्या पेल्याचा असर अजून यायचाच आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. इतक्या होळ्या केल्या होत्या मी. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच होतं, की अक्का आज हसली पाहिजे. बाहेर येऊन पेला तुझ्या हातात दिला. तू अर्धा पिऊन म्हणालीस, "साकु रे, पोट भरलं." आणि मी आपल्या आईचा मुलगा. "एवढ्यासाठी ठेवू नकोस, माझी शपथ आहे तुला," म्हणून आग्रह करकरून तो तुला संपवायला लावला.

आणि तू हसलीस! देवा, काय हसलीस. आधी माझ्या कानांवर. "तम्मा, हे कान तुझे नाहीत. हे बाबांचे आहेत. त्यांना परत दे." मग उशी कानाला लावून एक्स्चेंज चालू केलंस. "हुबळी, लाइन प्लीज. हुबळी, आमच्या ह्यांना द्या. काय? स्वर्गात लागत नाही? मग धारवाडमार्गे लावा!" मी जमिनीवर लोळत होतो. माझ्या उभ्या आयुष्यात तेवढं सुख मला क्वचितच मिळालं असेल. हे लिहिताना सुद्धा मी एकटा हसतोय, आणि समोरच्या फ्लॅटमधला माणूस खिडकीतून बघतोय.

मग उशी तुझ्या हातातून पडली. तू छातीवर हात ठेवलास. "तम्मा, जीभ हलत नाहीये. तम्मा, मी बंद होतेय का?" तुझं मनगट धरलं तर नाडी मोजता येईना. तू एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होतीस आणि दर वेळी तुला ते पहिल्यांदाच बोलल्यासारखं वाटत होतं. रिक्षात तू माझा सदरा इतका घट्ट धरलास की खांद्यावर उसवला.

जवळच्या नर्सिंग होममधल्या तरुण डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. ओरडल्या नाहीत, नाक मुरडलं नाही. नुसतं विचारलं, काय घेतलं आणि किती. जड जिभेनं तू स्वतः उत्तर दिलंस. भांग. नखाएवढी. एकदाच. दुसरा पेला नुसत्या दुधाचा. डॉक्टरीणबाईंनी खात्री करायला माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली.

तेवढंच केलं मी. एक शब्दही खोटा बोललो नाही. सुहास तेवढ्यात पोचला होता आणि तुझ्या उशाशी उभा होता. आईला काय दिलंत मामा, असं त्याच्या तोंडावर लिहिलं होतं, आणि मला वाटलं, आत्ता नको, नंतर सांगू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढ्याशा भांगेनं असं होणं जरा जास्तच आहे, पण काही शरीरांना थोडंही सोसत नाही. शिवाय बीपीची औषधं चालू आहेत. यापुढे कुठलंही नवीन औषध, विशेषतः भूल, घ्यायच्या आधी हे डॉक्टरांना सांगत जा.

संध्याकाळपर्यंत तुला बरं वाटलं. त्यांचं ते एक वाक्य मात्र कायमचं तुझ्याजवळ राहिलं.

पुढची सगळी वर्षं आपण त्या दुपारवर भांडलो, आठवतं? मी एकदम धर्मगुरू झालो होतो. नशा म्हणजे विष, विषय बंद. तुला ते पटायचं नाही. तू म्हणायचीस, "विष होतं म्हणू नको. अमृत होतं पण म्हणू नको. हसले ते खरं, मेले असते असं वाटलं ते पण खरं. दोन्ही एका तागडीत घालून बघायला पाहिजे ना?" मी आवाज चढवायचो. मग तू चष्मा काढून माझ्याकडे बघायचीस. "तू एवढा का चिडतोस रे? पडले मी आणि लागलं तुला?"

हो अक्का. लागलं मलाच होतं.

दोन्ही बाजू तोलल्याशिवाय तू कधी निर्णय घेतला नाहीस. भांगेचा निर्णयही असाच घेतलास. मजा भरपूर आहे, पण माझ्या शरीराला कणभरही सोसत नाही, म्हणून पुन्हा नाही. सरी, ठीक. मला त्याचं दुःख नाही, तो निर्णय तसाही योग्यच होता. दुःख गुडघ्यांचं आहे. गुडघे गेले, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, कमरेखालीच भूल देऊ म्हणाले, आणि तू तीच तागडी पुन्हा काढलीस. "ज्या शरीराला नखाएवढी भांग झेपली नाही, त्याला ती भूल झेपेल? मी टेबलावरून उठलेच नाही तर? त्यापेक्षा खुर्ची बरी." सुहास माझ्याकडे वळला. "मामा, तुम्ही तरी सांगा तिला. तुमचं ऐकते ती."

माझ्या हातात चहा होता. मी म्हणालो, "तिचं शरीर तिला माहीत."

तुझं शरीर तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. चार माणसांची भांग एकटीनं पिऊन संध्याकाळी उठून बसलेलं आणि "इथली कॉफी पाण्यासारखी आहे" म्हणून नर्सशी भांडलेलं शरीर होतं ते! तागडी तुझी होती, पण वजनं मी दिलेली होती, आणि ती खोटी होती. ऑपरेशन नीट झालं असतंच असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही. पण खरं काय ते समोर ठेवून ठरवायचा हक्क तुझा होता.

मग तुझी नात आली, सुहासची इरा. एचएसआर लेआउटमधल्या कंपनीत ती नुकतीच लागली होती, आणि एका रविवारी तोंड पाडून तुझ्या पायाशी येऊन बसली. मैत्रिणीच्या घरी कुणीतरी गांजाचं चॉकलेट दिलं होतं. अर्धं खाल्लं, काही झालं नाही, म्हणून उरलेलंही खाल्लं. मग सगळी दुपार बाथरूमच्या फरशीवर, छाती धडधडत, आता आपण मरणार असं वाटत. आता मैत्रिणी म्हणत होत्या, तो दिवसच वाईट होता, पुढच्या वेळी थोडं कमी घे.

"अज्जी, तू घेतली होतीस ना? घेऊ का परत?"

दुसरी आजी असती तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. तू खुर्ची पुढे ओढलीस आणि एक्स्चेंजवरच्यासारखी शांतपणे विचारायला लागलीस. दिलं कोणी? त्यात किती होतं? तू आधी जेवली होतीस का? दुसरं काही प्यायली होतीस? तू पडलीस तेव्हा शुद्धीवर कोण होतं? डॉक्टरकडे का नाही नेलं?

इराला एकाही प्रश्नाचं धड उत्तर देता येईना.

"मग तो दिवस वाईट होता असं कशावरून म्हणतेस?" तू म्हणालीस. "तुला माहीतच नाही काय झालं ते. जे माहीत नाही ते कमी कसं करणार? मला बघ. मला सगळं माहीत होतं. किती ते माहीत होतं. देणारा माझा सख्खा भाऊ होता, माझ्या डोळ्यांसमोर कालवलं त्यानं. तरी माझं असं झालं. आपल्या रक्तालाच हे सोसत नाही बाळा. आणि पुन्हा कधी असं झालं ना, तर लाजायचं नाही. सरळ डॉक्टरकडे जायचं आणि खरं काय ते सांगायचं."

इरानं तुझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मी समोर शेंगा सोलत होतो. सोलतच राहिलो.

त्या दिवसापासून मला एक नवीन सबब मिळाली. माझ्या खोट्यानं पोरीचं भलं झालं, मग आता उकरून कशाला काढायचं? बरीच वर्षं मी त्या सबबीवर काढली. पण तू तिला सांगितलेलं अर्धंच खरं होतं. पुरतं खरं तिच्या जास्त उपयोगाचं होतं. आपला जीव ज्याच्यावर जडलाय तो माणूसही किती घातलं ते सांगेलच असं नाही. आपल्या हसण्यासाठी सुद्धा तो आपल्याला फसवू शकतो.

शेवटचा आलो तेव्हा मी खरंच सुरुवात केली होती. तू जाशील असं कुणाला वाटत होतं? तू मजेत होतीस, फोनवर कुणाची तरी फिरकी घेत होतीस. फोन ठेवलास आणि मी म्हणालो, "अक्का, त्या होळीचा तो दुसरा पेला..."

"अय्यो, काय पेला होता तो!" तुझे डोळे लकाकले. "पहिल्यापेक्षा गोड. तम्मा, खरं सांगू? एवढं सगळं झालं, तरी ती दुपार मला कुणी परत देतो म्हणालं तर मी लगेच नाही म्हणणार नाही. आधी स्वल्प विचार करीन." आणि अशी हसलीस की सुहासची बायको आतून बघायला आली. तिनं पानं घेतली. आपण जेवलो.

तुला सगळं कळलं होतं, आणि तू मला तशीच माफी देऊन टाकलीस, असं आता मला म्हणता येईल. पण ते खरं नाही. कळलं असतं तर तू माझे बाबांचे कान उपटून हातात दिले असतेस, आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या डॉक्टरांना फोन लावला असतास.

गेल्या रविवारी सुहासला आणि इराला समोर बसवून मी सगळं सांगितलं. सुहास बाल्कनीत जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळानं आत आला आणि म्हणाला, "मामा, जेवून जा." इरानं फक्त एक विचारलं. "म्हणजे अज्जी चालली असती?"

मी म्हणालो, "कदाचित. बहुतेक."

अक्का, तुझ्या दारापर्यंत आणून दर वेळी परत नेलेलं वाक्य एवढंच होतं. दुसऱ्या पेल्यात नुसतं दूध नव्हतं. उरलेली सगळी भांग मी त्यात घातली, तुला सांगितलं नाही, आणि डॉक्टरांसमोर मान हलवून तुलाच खोटं पाडलं. तुझ्या शरीरात काही कमी नव्हतं. तू कधीच घाबरट नव्हतीस. ज्याच्यावर तू विश्वास ठेवलास तो मी होतो, आणि माझं चुकलं. मला माफ कर.